गाडीला दोन गडवे

पडलाच शेवटी. ओसरीच्या फरशीवर, गाडीच्या बरोबर पोटाखाली, रुपयाएवढा हिरवा थेंब. सकाळची शाळा आटोपून अकराला घरी आलो, गाडी स्टँडवर घेतली, तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सोडला आणि पाय धुवायला वळतो न वळतो तोच हा मागे टपकून मोकळा. खाली बसलो, बोट लावलं, नाकाशी नेलं. तोच वास. गोडसर, लहानपणी नाक दाबून पाजायचे त्या खोकल्याच्या औषधासारखा. लोकांच्या अंगणात चैत्रात मोगरा फुलतो, आमच्याकडे कूलंटची नळी गळते. ज्याचं त्याचं नशीब.

"काय शोधता खाली?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही," म्हटलं आणि तिथंच भिंतीला पाठ लावून बसलो. पन्नाशीला आलेला, आठवी-नववीला विज्ञान शिकवणारा, वर्गात पोरांवर खेकसणारा माणूस मी. एका थेंबानं मला असं खाली बसवावं याचा रागच आला. पण उठवेना. ऊन फरशीवरून सरकत माझ्या पावलांपर्यंत आलं तरी मी बसूनच होतो.

गाडीबद्दल आधी सांगतो. आमच्याकडच्या बहुतेक मोटारसायकली वाऱ्यावर थंड होतात. चालली की वारा लागतो, वारा लागला की इंजिन निवतं. माझी तशी नाही. तिच्या पोटाशी छोटा रेडिएटर आहे. त्यात कूलंट नावाचं हिरवं पाणी भरायचं. ते रबरी नळ्यांतून इंजिनभोवती फिरतं, तापतं, पुन्हा रेडिएटरमध्ये येऊन थंड होतं. नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून मी ती हौसेनं सेकंडहँड घेतली. तांड्यात आणली तेव्हा सगळे गोळा झाले. मी मोठ्या ऐटीत रेडिएटर दाखवला. याडी पुढं आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे हे गाडी पाणी पेते?"

"पेते."

"मंग दूध कवा देते?"

झालं. पुढं महिनाभर ज्यानं त्यानं मला "मास्तर, धार काढली का?" असं विचारून घेतलं.

याडी म्हणजे माझी आई. आम्ही गोर, म्हणजे बंजारा. घरात आम्ही आमच्याच बोलीत बोलतो. पण याडी रस्त्यावरच्या जगाशी वऱ्हाडीत बोलायची, आणि मला तर ती आता रस्त्याच्या कडेला उभी असलेलीच आठवते. म्हणून तिचं बोलणं इथं वऱ्हाडीतच येऊ दे.

आमचा तांडा दिग्रसहून आर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका फाट्यावर आहे. फाट्यावर कडुनिंब. त्या निंबाखाली पाडव्याला याडीचे तीन रांजण मांडले जायचे ते थेट मृगापर्यंत. रांजणांना ओलं बारदान गुंडाळलेलं, वर लाकडी झाकण, बाजूला लांब दांड्याचं ओगराळं आणि पितळी गडू, आमच्याकडे म्हणतात तो गडवा. विहिरीवरून डोक्यावर खेपा घालून ती ते भरायची, पुढं नळ आला तेव्हा नळावरून. ट्रकवाले, एसटीची वाट पाहणारे, तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या बाया, सगळ्यांना तिच्या हातचं पाणी. लोक खाली वाकून ओंजळ तोंडाशी धरायचे आणि ती वरून गडवा तिरपा करायची. तिचा एकच कायदा होता: पाजणाऱ्यानं हात आखडायचा नाही. पिणारा मान हलवून "बस" म्हणेल तेव्हाच धार थांबवायची, त्याच्या आधी नाही.

मी सातवीत असेन. ती जेवायला घरी गेली होती आणि मी पाणी पाजत होतो. एका ट्रकवाल्यानं दोन गडवे संपवले, तिसरा सुरू झाला, तेव्हा मला वाटलं पुरे झालं याला, आणि मी गडवा सरळ केला. नेमकी ती मागून येत होती. पाठीत असा धपाटा बसला की गडवाच हातून पडला. "दुसऱ्याची तहान तुले दिसते काय रे?" ती म्हणाली. ट्रकवाला बिचारा मधे पडला, "राहू द्या बाई, झालं माझं." पण तिनं त्याला पुन्हा ओंजळ करायला लावली आणि आणखी अर्धा गडवा पाजूनच सोडलं.

तीन वर्षांमागं शिमगा झाला आणि याडीच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तिच्या अंगावर सूज होती ती आम्ही म्हातारपणाची समजत होतो. मग यवतमाळ, तपासण्या, आणि मंगळवार-शुक्रवार डायलिसिस. पहिल्या दिवशी कागदावर औषधांच्या खाली लिहून मिळालं: पाणी, दिवसभरात आठशे मिली. याडीला मिली कळेना.

"म्हणजे किती गडवे?"

मी मनात हिशेब केला. तिचा पितळी गडवा साधारण साडेसहाशेचा. "सव्वा," म्हटलं.

"सव्वा गडवा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाप्पा! इतलं तं आपण चिमण्याईले ठेवतो."

आणि ऋतू कोणता, तर हा. यवतमाळकडचा उन्हाळा हा मुळात पिण्याचा ऋतू आहे. बाकीचे ऋतू आम्ही पाहतो, अंगावर घेतो, राबून काढतो; उन्हाळा पितो. ताक पितो, कैरीचं पन्हं पितो, आर्णीच्या रस्त्याला टरबुजांचे ढीग लागले की गाडी थांबवून फोडी खातो आणि तळाचा लाल रस सालीला तोंड लावून पितो. खिडकीतला कूलरसुद्धा बादल्याच्या बादल्या पितो आणि खसाचा ओला वास घरभर सोडतो. घराघरात माठाखालची वाळू ओली असते आणि मांजरं तिच्यावर पोट टेकून पडतात. बोलणंही सगळं पाण्याचंच. उन्हातून कोणी आलं की "काय म्हणता" नंतर, आधी "पाणी घ्या". अशा महिन्यात, अशा घरात, चाळीस वर्षं सगळ्या रस्त्याला पाणी पाजलेल्या बाईनं मोजून प्यायचं होतं.

मोजायचं काम माझ्याकडे आलं. बायकोनं दुसऱ्याच दिवशी हात टेकले. "त्या मागतात तेव्हा माझ्यानं नाही म्हणवत नाही. तुम्हीच काय ते करा." मी केलं. एक प्लास्टिकची बाटली घेतली, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोजपात्रानं पाणी मोजून ओतलं आणि बायकोच्या नेलपॉलिशनं बाहेरून लाल रेघ मारली. सकाळी रेघेपर्यंत भरायची, दिवसभर तेवढीच.

पहिल्याच पंधरवड्यात एका लग्नात ती कोणाचं लक्ष नसताना भरपूर पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. आडवी झाली की गुदमरायची, बसवली की छातीतून घरघर ऐकू यायची. गाडी करून यवतमाळला नेताना सगळा रस्ता तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, मग ते फुप्फुसात साठतं, हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचणं वेगळं आणि आईच्या छातीत ऐकणं वेगळं. मी घाबरलो. खरंच फार घाबरलो. घरी आल्यावर मी बाटलीवरची लाल रेघ पुसली आणि दोन बोटं खाली नवी मारली. आठशेच्या जागी सहाशे. भाजीत जातंच थोडं, चहात जातं, कमी दिलेलं केव्हाही बरं, असा माझा शास्त्रीय विचार. कोणाला विचारलं नाही. तिला सांगितलंही नाही. तिला वाचता कुठं येत होतं?

डायलिसिसचा नंबर सकाळी सातचा. पहिली एसटी तेवढ्या लवकर पोचवत नव्हती आणि परतताना तिला बसमध्ये उभं राहवायचं नाही. म्हणून गाडी. पहाटे पाचला निघायचं. ती मागं एका बाजूला पाय सोडून बसायची, एक हात माझ्या खांद्यावर. त्या वेळी हवा थंड असायची, कुठूनतरी मोहाच्या फुलांचा वास यायचा, शेतात उपटलेल्या पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे, ढीग काळे दिसायचे. ती मागून बोलत राहायची. "हे पाह्य, याइचं टरबूज औंदा लवकर आलं." "तो पाह्य, त्या बाबाची पाणपोई मांडली." रस्त्यावर कोणी कुठं रांजण मांडलाय, कोणाचं बारदान सुकलंय, यावर तिची बारीक नजर.

डायलिसिसच्या खोलीत बाहेरच्या माणसानं जास्त वेळ थांबायचं नसतं, पण सिस्टर मला पाच मिनिटं उभं राहू द्यायच्या. याडीच्या डाव्या हाताला, गोंदणाच्या हिरव्या ठिपक्यांच्या मधोमध, दोन सुया. एका नळीतून रक्त बाहेर, मशीनमधून फिरून दुसरीतून आत. एकदा ती त्या नळ्यांकडे बघत म्हणाली, "तुह्या गाडीलेबी नळ्या अन् मलेबी नळ्या. आमी दोघी सारक्याच." आणि शेजारच्या खाटेवरची बाई हसली म्हणून स्वतःही हसली.

वैशाखात पहिल्यांदा नळी गळली. रेडिएटरमधून इंजिनकडे जाणारी खालची नळी, जिथं ती स्टीलच्या क्लिपनं आवळलेली असते तिथंच ओल. मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि क्लिप आणखी आवळली. थांबली. चार दिवसांनी पुन्हा थेंब. पुन्हा आवळली. माझ्या हाताला वळणच ते: गळतंय ना, मग आवळ. याडी ओसरीवर बसून माझं काम बघायची. "तुयी गाडी मुतून राह्यली रे," ती म्हणाली. "ते तरी मुतते." पेशंटला स्वतःच्या आजारावर विनोद करायची परवानगी असते, मुलाला हसायची नसते. मी हसलो नाही. आज वाटतं, हसायला पाहिजे होतं.

मग तो शुक्रवार आला. दुपारचा एक. यवतमाळ सोडून आर्णीकडे निम्मी वाट झाली असेल. डायलिसिस करून ती अगदी सुकून निघायची, ओठ पांढरे पडलेले. त्या दिवशी वारा नव्हता, झळा होत्या. मीटरवर लाल दिवा लागला आणि पाठोपाठ खालून वाफ. पायावर गरम शिंतोडे उडाले तसा मी गाडी कडेला घेतली. नशीब म्हणा की आणखी काही, समोरच चिंचेखाली पाणपोई होती, त्याच बाबाची, जिच्याकडे याडी पहाटे बोट दाखवायची. पऱ्हाट्यांच्या ताट्यांचा मांडव, दोन रांजण, आणि डोक्याला टॉवेल बांधलेला सत्तरीतला म्हातारा. याडी चिंचेच्या मुळीवर टेकली. मी इंजिन निवायची वाट पाहिली, मग खाली बसलो.

क्लिपच्या अगदी कडेला नळी चिरली होती. सुरीनं कापावी तशी गोल. म्हाताऱ्यानं विळा दिला. मी चिरलेलं टोक कापून टाकलं, उरलेली नळी ओढून बसवली, कॅरिअरला पिशवी बांधायला ठेवतो ती सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून तिच्यावर ताणून गुंडाळली, वर क्लिप. ओला रुमाल धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत ठणठणाट.

"पाणी पायजे काय?" म्हाताऱ्यानं विचारलं. "घे ना लेका. पाण्यावाचून गाडी अडवाची काय?" आणि त्यानं स्वतःच्या हातानं रेडिएटरच्या तोंडात धार धरली. एक गडवा. बुडबुडे वर आले, घटघट आवाज झाला, जनावरानं प्यावं तसा. पाणी खाली गेलं. दुसरा गडवा. काठोकाठ भरलं तेव्हा थोडं बाहेर सांडलं आणि तापलेल्या लोखंडावर चर्र झालं. याडी हे सगळं बघत होती. ती गाडीकडे बघत नव्हती, धारेकडे बघत होती.

"ये माय, आता तू घे," म्हातारा गडवा भरून तिच्याकडे वळला. "हात कर."

तिचे हात आपोआप वर आले. दोन्ही तळवे जुळले, ओंजळ झाली, मान वाकली. मग ती थांबली आणि तशीच वाकलेली माझ्याकडे पाहू लागली. तिच्या बाटलीत तळाला जेमतेम दोन बोटं पाणी होतं, ते संध्याकाळच्या गोळ्यांसाठी राखलेलं. मी मान हलवली. नाही.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं. गडवा हातातच राहिला. "काहून? मायले नाही म्हंतं?" त्याचा आवाज चढला. पाणी प्यायला थांबलेले दोघं तिघं आमच्याकडे बघू लागले. "गाडीले दोन गडवे पाजले मी आता, तुह्या डोयासमोर. अन् जिनं जन्म देल्ला तिले घोटभर नाही? अबे, कसा पोट्टा हायेस तू?"

सांगायला पाहिजे होतं. किडनी, डायलिसिस, चार शब्दांचं काम. रोज पस्तीस पोरांपुढं बोलणारा माणूस मी, पण मी वाकून आवळलेली क्लिपच पुन्हा चाचपू लागलो. आणि माझ्या आधी याडी बोलली.

"त्याले काही म्हणू नोका बापू. माहा उपास हाय. पाण्याचाबी."

"ह्या उन्हात? कोन्या देवाचा व माय?"

"लेकाच्या नावाचा."

म्हाताऱ्यानं गडवा खाली ठेवला आणि तिला हात जोडले. मला म्हणाला, "माफ करजो भाऊ, मले मालूम नव्हतं." मग तिला, "उपास सुटला का येजो माय. तुयं पाणी राह्यलं माह्याकडे." तिनं मान डोलावली आणि ओंजळ सोडून दिली. कोरडी ओंजळ पदराला पुसली, सवयीनं.

गाडी सुरू झाली. न राहवून मी विचारलं, "खोटं काहून बोलली?"

"मंग काय," ती मागून म्हणाली, "रस्त्यावरच्या लोकाइनं माह्या पोराले नावं ठेवाव?" आणि तिनं कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. घर येईपर्यंत ते तिथंच होतं.

शनिवारी गाडी दिग्रसला गफ्फारभाईकडे नेली. गफ्फारभाई माझा जुना मिस्त्री, तोंडाचा फटकळ. त्यानं पट्टी सोडली, मी खिशातून आणलेला नळीचा चिरलेला तुकडा बोटांत फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी नापास. "नळी काही खराब नव्हती, सर. तुम्हीच कापली."

"मी? अहो, गळत होती म्हणून आवळली."

"तेच म्हंतो ना. आवळत गेले, आवळत गेले. क्लिप धराले असते सर, गळा दाबाले नाही. जराकशी ओल दिसली तं इचाराचं कोनाले. तुम्ही सायन्सवाले, तुम्हाले कोनाले इचाराची सवयच नाही." त्यानं नळी नीट बसवून दिली, नवीन नागपूरहून मागवतो म्हणाला. मी त्याच्याशी हुज्जत घातली. गळती थांबवायची तर आवळण्याशिवाय उपाय काय, वगैरे. तो हसला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

पुढचा महिना याडीनं मला पुष्कळ फसवलं. म्हणजे फसवायचा प्रयत्न केला. चूळ भरायला पाणी मागायची आणि मी समोर उभा राहून तिचा गळा हलतो का बघायचो. स्वतःच्या आईचा गळा. ओलं फडकं डोक्यावर ठेवायला मागायची आणि मी वळलो की त्याचा कोपरा तोंडात धरायची. एकदा कूलरच्या जाळीला तोंड लावून उभी असलेली सापडली. मला पाहिल्यावर म्हणाली, "हवा खाऊन राह्यली." ओली हवा. मी तिचा हात धरून तिला खाटेवर आणून बसवलं आणि श्वास कोंडण्याचं भाषण दिलं, वर्गात देतो तसं. ती ऐकत होती. भाषण संपल्यावर म्हणाली, "फाट्यावरचे रांजण भरले काय?" भरले होते. बायको भरत होती. माझ्या घरात एकाच माणसाला पाणी कमी होतं.

मृग लागायच्या आधी ती गेली. सकाळी, घरीच, खाटेवर बसल्याबसल्या. हृदय थांबलं. छातीत पाणी साठलं नव्हतं, काही नाही. बायकोनं गडवा आणून माझ्या हातात दिला. मी तिच्या तोंडात पाणी घातलं, ते ओठांच्या कोपऱ्यातून परत बाहेर आलं. पुन्हा घातलं. पुन्हा आलं. कोणीतरी माझा हात धरला आणि म्हणालं, बस कर.

पंधरा-वीस दिवसांनी तिच्या उरलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनं कोणा गरजूला द्यावीत म्हणून मी यवतमाळला गेलो. सिस्टरनी बसवलं, चौकशी केली. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "त्या फार सोसायच्या हो. कधी तक्रार नाही. पाणी किती देत होतात?"

"सहाशे," मी सांगितलं. आजही सांगायला लाज वाटते, पण तेव्हा माझ्या आवाजात थोडी फुशारकी होती. बघा, किती काटेकोर.

"सहाशे?" त्या थबकल्या. "आठशे लिहिलं होतं ना? आणि तेही फाल्गुनातलं. एवढ्या उन्हातून गाडीवर आणत होतात, घाम केवढा जात असेल. विचारलं असतं तर वजन बघून डॉक्टरांनी थोडं वाढवून दिलं असतं, सर. उन्हाळ्यात देतात." मग माझा चेहरा पाहून त्यांनी घाईघाईनं माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ द्या. तुम्ही पुष्कळ केलं. त्यानं त्या गेल्या असं नाही."

नाही, त्यानं ती गेली नाही. एवढं विज्ञान मला कळतं. पण तिच्या आयुष्याचा शेवटचा उन्हाळा तिनं तहानेत काढला, आणि त्यातली काही तहान आजाराची नव्हती, माझी होती. मी दिलेली. बाहेर येऊन गाडीपाशी उभा राहिलो तर नजर नेमकी त्या क्लिपवर गेली. गफ्फारभाईनं सैलसर, बेतानं बसवलेली. दीड महिना झाला होता, एक थेंब नव्हता.

नागपूरची नवी नळी त्यानंतर आली. ती मी कपाटात ठेवून दिली. जुनी चालत होती, आणि खरं तर त्या जागेला हातच लावावासा वाटेना. आणखी एक गोष्ट केली, ती कोणाला सांगितली नाही. यवतमाळला जायचं झालं की आर्णीचा रस्ता सोडला. तीन वर्षं मी दारव्ह्यावरून गेलो. बायकोला सांगायचो, तिकडचा रस्ता चांगला झालाय.

आणि आज हा थेंब. उठलो शेवटी. कपाटातून नळीचं पुडकं काढलं. जुनं पाणी परातीत सोडलं, जुनी नळी ओढून काढली. ती हातात आली तेव्हा तिच्यावर क्लिपचा वळ तसाच होता. नवी चढवली. स्क्रू फिरवला, फिरवला, आणि क्लिपनं नळीला धरल्याचं हाताला कळलं तिथं थांबलो. मनगट आणखी अर्धा आटा मागत होतं. दिला नाही. नवं कूलंट भरलं, इंजिन सुरू करून दहा मिनिटं खाली बघत बसलो. फरशी कोरडी. बायको दारात येऊन उभी होती. "आता एवढ्या उन्हात कुठं?" तिनं विचारलं, कारण मी दुपट्टा गुंडाळत होतो. म्हटलं, "येतो. आर्णीकडून."

चिंच तिथंच होती. मांडव नवा, रांजण तेच. म्हातारा आणखी वाकलेला, टॉवेल तसाच डोक्याला. मला वाटलं ओळखणार नाही. मी दुपट्टा सोडला आणि तो गडवा धुता धुता थांबला. आधी त्यानं माझ्याकडे नाही, गाडीकडे पाहिलं.

"पाणी पेणारी गाडी," तो म्हणाला. "तूच ना बे तो? माय कशी हाय? नाही आणलं तिले? उपास सुटला का तिचा?"

सुटला म्हटलं असतं तर भागलं असतं. म्हातारा खूश झाला असता, आणि याडीनं एकदा माझ्यासाठी बोललेलं खोटं तसंच राहिलं असतं. पण त्या खोट्याच्या आडोशाला मी तीन वर्षं दारव्ह्यावरून फिरत होतो.

"बाबा, उपास नव्हता तो," मी म्हणालो. "तिच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी मोजून द्यायचं होतं. अन् द्यायचं होतं त्याच्याहून मी कमी देल्लं. भेवापोटी. कोनाले इचारलं नाही. त्याच उन्हाळ्यात गेली ते."

रस्त्यावरून एक एसटी गेली, तिची धूळ मांडवात आली, खाली बसली. मला वाटलं आता तो मला तेव्हा बोलला होता त्याहून वाईट बोलेल. बोलावं, असंच वाटत होतं. त्यानं रांजणाचं झाकण सरकवलं. ओगराळं आत बुडाल्याचा आवाज आला. गडवा काठोकाठ भरून तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हात कर," तो म्हणाला.

मी वाकलो. ओंजळ तोंडाशी धरली. धार पडली, गार, मातीच्या वासाची. एक गडवा संपला, त्यानं दुसरा भरला. दुसरा संपला. पोट तुडुंब झालं, पाणी मनगटांवरून कोपरांपर्यंत आणि कोपरांवरून पायांवर सांडू लागलं, आणि तो म्हातारा हात न आखडता ओततच होता, कारण पाजणाऱ्यानं थांबायचं नसतं, पिणाऱ्यानं सांगायचं असतं. मला "बस" म्हणता येईना.